रिपोर्टात तीन हजार माणसं, दारात मात्र कोणीच नाही! गाडीच्या जाहिरातीचा हिशोब कसा वाचायचा?

ढोकी (ता. जि. धाराशिव) : लातूर-बार्शी रस्त्याला लागून आमच्या एका मित्राचं जुन्या गाड्यांचं छोटं आवार आहे. सात-आठ गाड्या उभ्या असतात. दोन बोलेरो, एखादी पिकअप, बाकी छोट्या कार. नाव छापू नको म्हणाला, म्हणून छापत नाही. गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी रानातून येताना त्याच्याकडं चहाला थांबलो, तर गड्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला. जाहिरातीचं काम बघणाऱ्या पोरानं सप्टेंबर महिन्याचा रिपोर्ट पाठवला होता. सहा पानं, सगळी इंग्रजीत, वर रंगीत आलेख. बाण वर गेलेला.

"आरं, तीन हजार माणसं येऊन गेली म्हणतोय ह्यो कागद. मग माझ्या दारात कोणच कसं दिसंना?"

महिन्याला चार हजार रुपये त्या पोराला आणि आठ हजार फेसबुक-गुगलच्या जाहिरातीला, असे बारा हजार रुपये जात होते. सप्टेंबरात गाडी विकली नव्हती एकही. आवाराचं भाडं थकलं होतं आणि बारा हजार चालू ठेवायचे की बंद करायचे, हा प्रश्न होता. मी काही संगणकातला तज्ज्ञ नाही, बारावी झालेला माणूस. पण बातमीदारी करताना आमच्या पोर्टलचे आकडे रोज बघावे लागतात, त्यामुळं थोडंफार कळतं. दोघांनी बसून तो रिपोर्ट फोडला. त्यातून जे समजलं ते इथं लिहितोय, कारण आता ट्रॅक्टर शोरूम, मोटारसायकलवाले, ड्रायव्हिंग स्कूल, अगदी रोपवाटिकावालेसुद्धा असे रिपोर्ट घ्यायला लागलेत.

गाळप वेगळं, उतारा वेगळा

आपल्या ढोकीच्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. तेरणा कारखाना आपल्याच गावचा. मधली बरीच वर्षं बंद राहिला ती गोष्ट वेगळी, पण काटा, गाळप, उतारा हे शब्द इथं शाळेतल्या पोरालाही माहीत आहेत. काट्यावर किती टन ऊस आला ते गाळप. त्या उसातून साखर किती निघाली तो उतारा. एफआरपी ठरते ती उताऱ्यावर, १०.२५ टक्के हा पाया धरून. नुसते ट्रॅक्टर रांगेत उभे राहिले म्हणून पोती भरत नाहीत.

वेबसाइटचंही तसंच. रिपोर्टात सुरुवातीला जे मोठे आकडे असतात ते सगळे काट्यावरचे. उतारा शेवटच्या पानावर असतो, नाहीतर नसतोच.

'इम्प्रेशन' म्हणजे जाहिरात कोणाच्या तरी मोबाईलवर दिसली. बघितली असं नाही, दिसली. एसटीतून जाताना रस्त्याकडेचा बोर्ड डोळ्यापुढून गेला, तेवढंच. एकाच माणसाला पाच वेळा दिसली तर पाच इम्प्रेशन. 'रीच' म्हणजे किती वेगवेगळ्या माणसांना दिसली. 'क्लिक' म्हणजे जाहिरातीवर बोट लागलं. आता बोट मुद्दाम लागलं का स्क्रीन सरकवताना चुकून, ते कागद सांगत नाही. 'सेशन' म्हणजे साइटवर झालेली एक फेरी. सकाळी बघितलं, संध्याकाळी परत बघितलं, तर दोन फेऱ्या.

'युजर' या शब्दापाशी मात्र बहुतेकजण फसतात. युजर म्हणजे माणूस नव्हे. फोनमध्ये साइट उघडली की ती एक छोटी खूण ठेवून जाते, तिला कुकी म्हणतात. मोजणी त्या खुणेची होते. त्यामुळं एकाच माणसानं आधी फेसबुकच्या आत लिंक उघडली आणि नंतर क्रोममध्ये उघडली, तर दोन युजर मोजले जातात. उलट घरात एकच फोन चौघं वापरत असतील तर एकच. आमच्या मित्राचा पुतण्या नवीन फोटो चढले का म्हणून दिवसातून दहा वेळा साइट उघडायचा. त्याच्या फेऱ्याही त्या तीन हजारांत! शिवाय नुसती आपोआप फिरणारी यंत्रं असतात, त्यांना बॉट म्हणतात. ओळखीची यंत्रं गुगल गाळून टाकतं, पण सगळीच गळतात असं नाही.

आणखी एक आकडा बघायचा, 'एंगेज्ड सेशन'. गुगलच्या नव्या पद्धतीत माणूस साइटवर दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबला, किंवा दोन पानं बघितली, किंवा आपण ठरवून दिलेलं काम केलं, म्हणजे फोनचं बटण दाबलं वगैरे, तर ती फेरी यात धरतात. दहा सेकंद म्हणजे काही फार नाही. तरी मित्राच्या रिपोर्टात निम्म्याहून जास्त फेऱ्या तेवढ्यासुद्धा टिकल्या नव्हत्या.

पुण्याचं गिऱ्हाईक आलं कुठून?

रिपोर्टातल्या शहरांच्या यादीत पुणे पहिलं, मुंबई दुसरी. लातूर खाली कुठंतरी. ढोकी, तेर, मुरूड, कळंब यांचं नावही नाही. जाहिरातवाला पोरगा म्हणाला, "पुण्यातून मागणी आहे, आपण पुण्यात जाहिरात वाढवू." मित्रही तयार झाला होता.

इथं मी त्याला थांबवलं. कारण आमच्या पोर्टलच्या आकड्यांतही असंच दिसतं, आणि कसबे तडवळ्याच्या पाणीटंचाईची बातमी पुण्यातली एवढी माणसं कशाला वाचतील? खरी भानगड अशी की, मोबाईलचं इंटरनेट गावातल्या टॉवरवरून निघालं तरी ते कंपनीच्या मोठ्या केंद्रातून पुढं जातं. ते केंद्र मोठ्या शहरात असतं. गुगल ॲनालिटिक्स शहर ओळखतं ते इंटरनेटच्या पत्त्यावरून, म्हणजे आयपी ॲड्रेसवरून. म्हणून येडशीच्या बांधावर बसून गाडी बघणारा माणूस रिपोर्टात पुणेकर होतो. वायफाय असलेल्या शहरी माणसाचा ठिकाणा बऱ्यापैकी बरोबर येतो, आपला येत नाही. गावाकडच्या धंद्यानं शहरांची ही यादी बघून पैसे लावू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. फोन आला की "कोणत्या गावचे?" असं विचारायचं. एवढी सोपी गोष्ट कोणत्याही सॉफ्टवेअरला जमत नाही.

ट्रॉलीला चिठ्ठी लावा

दुसरा घोळ 'डायरेक्ट' या शब्दाचा. रिपोर्टात फेऱ्या कुठून आल्या त्याचे कप्पे असतात. गुगलवर शोधून आलेले, फेसबुकवरून आलेले, जाहिरातीतून आलेले, आणि 'डायरेक्ट', म्हणजे म्हणे थेट पत्ता टाइप करून आलेले. आपल्याकडं कोण वेबसाइटचा पत्ता टाइप करतंय? मित्राच्या रिपोर्टात हा कप्पा सगळ्यात मोठा होता. ती माणसं होती व्हॉट्सॲपवरची. व्हॉट्सॲपवरून लिंक दाबली की ती कुठून आली हे बहुतेक वेळा साइटला कळत नाही, म्हणून ती डायरेक्टमध्ये पडते. मित्र रोज स्टेटसला लिंक ठेवायचा, फुकटात. त्याचं श्रेय मात्र कुठंच दिसत नव्हतं, आणि पोरगा ती गर्दी आपल्या जाहिरातीची म्हणून दाखवत होता.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. कारखान्यावर उसाच्या प्रत्येक ट्रॉलीबरोबर चिठ्ठी असते, कोणाचा ऊस, कोणता गट, कोणती टोळी. तशी चिठ्ठी लिंकच्या शेवटी लावता येते. तिला यूटीएम म्हणतात. या नावामागं एक इतिहास आहे. अमेरिकेत अर्चिन नावाची वेबसाइटचे आकडे मोजणारी कंपनी होती. गुगलनं ती २००५ मध्ये विकत घेतली आणि त्याच वर्षाच्या शेवटी गुगल ॲनालिटिक्स सगळ्यांना फुकट दिलं. यूटीएममधला 'यू' हा त्या अर्चिनचा. जुनी मोजणी १ जुलै २०२३ ला बंद झाली, आता चौथी पिढी चालते, पण चिठ्ठी तीच राहिली. स्टेटसला एक लिंक, फेसबुकला दुसरी, आवाराच्या बोर्डावरच्या क्यूआर कोडला तिसरी. मग कोणती टोळी किती ऊस आणते ते उघडं पडतं.

मोठे लोक हे कसं करतात?

गाडी घ्यायची म्हटलं की बरेचजण कारवाले किंवा कारट्रेडवर किंमत बघतात. या दोन्ही साइट आपल्या महाराष्ट्रातूनच, नवी मुंबईतल्या वाशीतून वाढल्या. कारट्रेड २००९ साली सुरू झाली, तिनं २०१५ मध्ये कारवाले घेतली, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये शेअर बाजारात आली. त्या वेळी त्यांनी गुंतवणूकदारांसमोर जी कागदपत्रं ठेवली, त्यात ठळकपणे होतं काय, तर साइटवर येणारी माणसं. कारवाले, कारट्रेड आणि बाईकवाले मिळून महिन्याला सरासरी सुमारे २ कोटी ७० लाख, आणि त्यातले सुमारे ८८ टक्के जाहिरातीवर पैसा न घालता आलेले. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा महत्त्वाचा. विकत आणलेली गर्दी पैसे थांबले की थांबते. आपल्या पायानं आलेली थांबत नाही.

ती आपल्या पायानं का येतात? कारण तिथं किंमत असते, ॲव्हरेज असतं, दोन गाड्यांची तुलना असते. माणूस जे शोधतो ते असतं. आता आमच्या मित्राची साइट बघा. "उत्तम कंडिशन, एक हाती वापर, संपर्क साधा." किंमत नाही, किलोमीटर नाही, कोणत्या सालचं पासिंग ते नाही, इन्शुरन्स कधीपर्यंत ते नाही, बँकेचा बोजा उतरलाय का ते नाही. मी म्हणालो, "तू बैल विकायला बाजारात नेलास आणि त्याच्यावर घोंगडं टाकून उभा राहिलास."

तो म्हणाला, "किंमत टाकली तर माणसं फोनच करत न्हाईत."

त्याचंही अगदीच चूक नव्हतं. पण ज्याला परवडत नाही त्याचा फोन घेऊन करायचं काय?

तुमचा नंबर म्हणजे 'लीड'

वाचकांपैकी बहुतेकजण गाडी विकणारे नाहीत, बघणारे आहेत. त्यांच्यासाठी थोडं. अशा साइटवर ऑन-रोड किंमत बघायला किंवा ऑफर बघायला आपण नाव-नंबर भरतो. त्या नंबराला या धंद्यात 'लीड' म्हणतात, आणि हाच त्यांचा माल. तो शोरूमला जातो, कधी कर्ज देणाऱ्यालाही जातो. म्हणूनच दहा मिनिटांत लातूरहून, सोलापूरहून फोन सुरू होतात. फुकट किंमत बघायला मिळाली ती फुकट नसते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती घेऊनच माहिती वापरावी आणि दिलेली संमती परत घेता यावी, अशी तरतूद आहे. नको असलेल्या जाहिरातीच्या फोनसाठी १९०९ या क्रमांकावर नोंद करता येते. पण फॉर्मखालच्या चौकोनात आपणच टिक केलेली असते, हेही ध्यानात ठेवा.

एकदा बोलेरो बघितली की आठ दिवस जिकडं तिकडं बोलेरोच का दिसते? तेही त्या खुणेमुळंच. साइट जाहिरात कंपनीला कळवते की हा फोन येऊन गेलाय, याला परत दाखवा. फेसबुकवर जाहिरातीच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबले तर "ही जाहिरात मला का दिसते" हे विचारता येतं. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये गुगल, मग जाहिराती, तिथं जाहिरात आयडी पुसून टाकता येतो. मी पुसला. जाहिराती बंद होत नाहीत, पण पाठलाग कमी होतो.

आणि स्वस्तातली गाडी दाखवून "मी सैन्यात आहे, बदली झाली, आधी टोकन टाका" म्हणणारे अजून आहेतच. गाडी आणि आरसी डोळ्यांनी बघितल्याशिवाय रुपया पाठवू नका. पाठवलाच असेल तर लगेच १९३० ला फोन करा, दुसऱ्या दिवशीची वाट बघू नका.

कागदात न दिसलेला सप्टेंबर

परत त्या रिपोर्टाकडं. ऑगस्टपेक्षा सप्टेंबरात फेऱ्या वाढल्या हे खरंच होतं. जाहिरातवाल्यानं त्याचं श्रेय घेतलं. पण तो सप्टेंबर कोणता होता ते आठवा. २०२५ चा. छोट्या गाड्यांवर २८ टक्के जीएसटी आणि वर सेस होता, तो १८ टक्क्यांवर येणार हे जाहीर झालं होतं. नवे दर २२ सप्टेंबरपासून लागू झाले. त्याआधी सगळा देश मोबाईलवर किमती बघत बसला होता आणि घेत कोणीच नव्हतं. नवी स्वस्त होणार म्हटल्यावर जुनीचा भाव काय राहणार, म्हणून जुन्या गाड्यांचं गिऱ्हाईकही थांबलं. बघणारे वाढले, घेणारे गायब.

आणि त्याच महिन्यात आपल्या जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. परंडा-भूमकडं तर घरांत पाणी शिरलं. सोयाबीन रानात सडलं. ज्या पैशावर दसऱ्याला गाडी यायची तो पैसाच आला नाही. हे रिपोर्टाच्या कोणत्या रकान्यात येणार? पुण्या-मुंबईच्या कंपनीला बाण वर गेलेला दिसतो, आपल्याला काळं पडलेलं सोयाबीन दिसतं. म्हणून या महिन्याची तुलना मागच्या महिन्याशी न करता मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी, आणि तरीसुद्धा पाऊसपाणी आणि बिलं कधी निघाली ते बाजूला लिहून ठेवावं.

एक चांगली सोय अशी की, खरी विक्री किती झाली ते कोणालाही बघता येतं. परिवहन खात्याचा 'वाहन' डॅशबोर्ड सगळ्यांना खुला आहे. महाराष्ट्र निवडायचा, आरटीओ कार्यालय निवडायचं, आपलं एमएच २५, शेजारचं लातूर एमएच २४. कोणत्या महिन्यात किती गाड्या नोंदल्या, पेट्रोल किती, डिझेल किती, ट्रॅक्टर किती, सगळं दिसतं. देशातल्या वाहन विक्रेत्यांची फाडा ही संघटना दर महिन्याला विक्रीचे आकडे काढते ते याच नोंदींवरून. त्यात नव्या गाड्यांची नोंद असते, त्यामुळं जुन्या गाड्यांच्या धंद्याला अंदाजापुरताच उपयोग. पण जिल्ह्यातच गाड्या कमी खपत असतील तर दोष आपल्या जाहिरातीचा नाही, एवढं तरी कळतं.

खिळ्याला टांगलेली वही

शेवटी काय केलं? एक दोनशे पानी वही आणली आणि आवाराच्या खोलीत खिळ्याला टांगली. फोन आला की चार गोष्टी लिहायच्या. गाव कोणतं, कोणती गाडी, कुठं बघितली, आणि पुढं आला का. पुतण्याला ते काम दिलं. पहिले आठ दिवस विसरायचा, मग सवय लागली.

नोव्हेंबर महिन्यात वहीत ३१ फोन होते. त्यातले जाहिरात बघून आलेले ११. बाकीचे स्टेटस बघून, बोर्ड बघून, नाहीतर गॅरेजवाल्यांनी सांगितलं म्हणून. आवारात गाडी बघायला आले ९, गाड्या गेल्या २. त्यातली एक मुरूडच्या गॅरेजवाल्याच्या ओळखीवर आणि दुसरी स्टेटसवर. म्हणजे बारा हजार भागिले अकरा, जाहिरातीतला एक फोन जवळपास अकराशे रुपयांना पडला आणि त्यातून गाडी एकही गेली नाही. हा एकाच महिन्याचा हिशोब आहे, त्यावरून जाहिरात वाईट असं मी म्हणणार नाही. उलट साइटच इतकी जड होती की आमच्या रेंजमध्ये फोटो उघडेपर्यंत माणूस निघून जायचा. तिथं जाहिरातीनं तरी काय करावं?

डिसेंबरात फोटो बारीक केले. किंमत, किलोमीटर, पासिंगचं साल, इन्शुरन्सची तारीख आणि बोजा आहे की नाही, हे फोटोखालीच लिहिलं. सात रकान्यांचा फॉर्म काढून टाकला, व्हॉट्सॲपचं एक बटण ठेवलं आणि ते बटण किती वेळा दाबलं जातं तेवढंच मोजायला सांगितलं. जाहिरात आवारापासून चाळीस किलोमीटरच्या परिघात आणली. रिपोर्टातल्या वेळांवरून कळलं की माणसं गाड्या बघतात रात्री आठ ते अकरा, जेवणं झाल्यावर. म्हणून स्टेटसही रात्री ठेवायला लागला, आधी सकाळी सहाला ठेवायचा.

एका गोष्टीवरून मात्र वाद झाला. ॲनालिटिक्सचं आणि जाहिरातीचं खातं त्या पोराच्या स्वतःच्या ईमेलवर होतं. मित्रानं लॉगिन मागितलं तर टाळाटाळ. खातं आपल्या नावावर नसेल तर उद्या तो माणूस सोडून गेला की मागचा सगळा हिशोब त्याच्याबरोबर जातो. सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवून शेत कसल्यासारखंच ते. कोणाला काम देणार असाल तर पहिल्या दिवशी खातं आपल्या जीमेलवर काढा आणि त्याला फक्त काम करायची परवानगी द्या. बदलता येतं, पाच मिनिटांचं काम आहे. मित्राला त्यासाठी महिना लागला.

आमच्या धंद्याचंही सांगतो, लपवायचं कशाला? अपघाताच्या बातमीला दहा हजार व्ह्यू येतात आणि पीकविम्याच्या शेवटच्या तारखेच्या बातमीला सातशे. पण विम्याची बातमी वाचून माणसं मला रस्त्यात थांबवून विचारतात. अपघाताच्या बातमीवरून कधी कोणी थांबवलं नाही.

जानेवारीत मित्राचा खर्च बारा हजारांवरून साडेपाचवर आला. फेऱ्या निम्म्या झाल्या, फोन मात्र तेवढेच राहिले. पांढरी पिकअप कळंबकडच्या एका दूधवाल्यानं नेली, त्याच्या नावापुढं वहीत "बोर्डावरचा कोड" असं लिहिलंय. पाडव्याला जाहिरात वाढवायची का नाही यावर काका-पुतण्याचं अजून जमलेलं नाही. पुतण्या वाढवा म्हणतो. काका म्हणतो, आधी वही बघू.